दिवा श्वास घेतो, म्हणून पाणी पितो

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर, नागोठणं मागे पडल्यावर आणि रोहा यायच्या आधी निडी स्थानक लागतं. तिथून गाडी पुढे गेली की रेल्वेच्या माणसाचं लक्ष इंजिनापेक्षा शेपटाकडे असतं. शेवटच्या डब्यावर दिवसा ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल) पाटी आणि रात्री लुकलुकणारा लाल दिवा दिसला, तरच गाडी पूर्ण आली, मागे डबा सुटून राहिलेला नाही असं मानायचं, हा तिथला नियम. रस्त्यावरच्या गाडीच्या शेपटाकडे मात्र असं कोणी बघत नाही. चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा दिसतच नाही. तो बंद पडल्याचं कळतं ते मागच्याने हॉर्न मारल्यावर, नाहीतर पोलिसाने हात केल्यावर, नाहीतर सरळ मागून ठोकल्यावर.

जे दिसत नाही त्याबद्दल समज फार. त्यातून हा रायगड जिल्हा, पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात. पेणच्या खारेपाटात हवेतच मीठ. नागोठण्याच्या बाजूला अंबा नदीला पाणी चढलं की रस्ता कुठला आणि ओढा कुठला, कळत नाही. मिनीडोर, पिकअप, धाटावच्या एमआयडीसीकडे जाणारे टँकर, हमरापूर-जोह्यातून गणपती घेऊन निघालेले टेम्पो (मूर्तीवर प्लास्टिकचे तीन थर, मागच्या दिव्याची काच तडकलेली), या सगळ्यांच्या टेललाइटमध्ये श्रावणापर्यंत काही ना काही झालेलं असतं. आणि त्यावर गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. त्यातले बरेच उपाय दुखणं वाढवणारे असतात.

“दिवा सीलबंद असतो. पाणी गेलं म्हणजे माल खराब.”

मुळातली चूक इथे आहे. टेललाइट सीलबंद नसतेच. तशी ती मुद्दामच बनवलेली नसते. दिव्याच्या पाठीमागे एक-दोन बारीक वाटा ठेवलेल्या असतात. कुठे वाकडी रबरी नळी, कुठे टोपी, कुठे पाणी अडवून हवा सोडणारा पातळ पडदा. कारण दिवा पेटला की आतली हवा तापते आणि फुगते, विझला की आकसते. हवेला जायला-यायला वाट नसेल तर तो दाब काचेच्या जोडावर येतो आणि काही महिन्यांत जोडच सुटतो.

थोडा हिशेब करू. समजा, दिव्यात दोन लिटर हवा आहे आणि तासाभरात ती ६० अंशांपर्यंत तापली. गाडी थांबली, दिवे बंद झाले, वरून सर आली आणि तापमान २५ अंशांवर उतरलं. त्या हवेचं आकारमान जवळपास दहा टक्क्यांनी घटतं. म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर, एक पेलाभर, काहीतरी दिव्याला बाहेरून आत ओढून घ्यावंच लागतं. पाठीमागची वाट मोकळी असेल तर तो हवा घेतो. ती चिखलाने बुजली असेल आणि काचेच्या जोडाला केसाएवढी चीर असेल, तर त्या चिरेवर जे असेल ते आत जातं. पावसाळ्यात तिथे पाण्याचा थर असतो.

म्हणून पाऊस आत ‘घुसतो’ हे अर्धंच खरं. पाऊस दारात उभा असतो, आत ओढतो तो दिवाच. रात्रभर चाललेला गरम दिवा घेऊन गाडी भरल्या पाण्यात घातली की हेच जोरात होतं, आणि फरशीवरून पाणी जाताना काही मिनिटांत जेवढं आत येतं तेवढं महिनाभराच्या रिमझिमीत येत नाही.

“काचेवर वाफ धरली, आता दिवा बदला.”

थांबा. वाफ धरणं आणि पाणी शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की चांगला दिवा भंगारात जातो, नाहीतर खराब दिवा “आपोआप सुकेल” म्हणून तसाच राहतो.

दमट, ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आपल्या दोन लिटरच्या दिव्यात मग किती? साठ मिलिग्रॅम. ती सगळी काचेवर बसली तरी जेमतेम एक थेंब होतो. सकाळी काचेच्या आतून दिसणारा पांढुरका पडदा म्हणजे एवढंच प्रकरण असतं. दिवे लावून अर्धा-एक तास गाडी चालवली, किंवा ऊन पडलं, की तो जातो. गाड्यांच्या पुस्तिकांतही बहुधा हे नेहमीचंच असल्याचं लिहिलेलं असतं आणि कंपनी त्यासाठी दिवा बदलून देत नाही. त्यावरून सर्व्हिस सेंटरवर भांडणात अर्थ नाही.

पण तळाशी पाणी साचलेलं दिसतंय, गाडी वळली की हलतंय, काचेवरून ओघळ उतरलेत, तर ते वाफेचं पाणी असूच शकत नाही. हवेत तेवढं पाणी नसतंच. ती गळती आहे आणि तिची जागा शोधावी लागेल.

जागा शोधायची रीत सोपी आहे. दिवा सोडवून घ्यायचा, बल्बचे होल्डर काढायचे, एक भोक ठेवून बाकीची बोटांनी किंवा चिकटपट्टीने बंद करायची, श्वासाच्या वाटासुद्धा. फक्त काचेचा जोड पाण्याखाली राहील असा दिवा बादलीत धरून उघड्या भोकातून हलकेच फुंकायचं. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघतो तसे बुडबुडे जिथून येतील ती जागा. एलईडीच्या दिव्यावर मात्र हा प्रयोग करू नये. आतल्या सर्किटला उगाच आंघोळ घडते.

“काच फुटलेली नाही, मग कुठून येणार?”

काचेतून क्वचितच येतं. (आपण काच म्हणतो, पण ती असते ॲक्रिलिकची.) नेहमीच्या वाटा तीन. पहिली, काच आणि मागचा डबा यांचा जोड. पार्किंगमधला हलका धक्कासुद्धा तो उघडतो आणि वरून ओरखडाही दिसत नाही. दुसरी, बल्बच्या होल्डरची रबरी रिंग. बल्ब बदलताना ती वाकडी बसते, नाहीतर खाली पडते आणि हरवते. रिंगशिवाय बसवलेले होल्डर कमी नाहीत. तिसरी वाट सगळ्यांत फसवी, कारण तिथे दिवा कोरडाच राहतो: दिवा आणि गाडीचा पत्रा यांच्यामधलं फोमचं गॅस्केट. ते दबून चपटं झालं की पाणी दिव्यात न जाता त्याच्या मागून डिकीत उतरतं. स्टेपनीच्या खळग्यात पाणी साठतं, गालिचा कुजतो, आणि मालक डिकीच्या दाराचं रबर बदलत बसतो. दिवा काढून परत बसवायचा तर हे गॅस्केट नवं घ्यावं. एकदा दबलेला फोम पुन्हा फुगत नाही.

“सिलिकॉन मार, एमसील लाव, विषय संपला.”

विषय इथूनच सुरू होतो. चारी बाजूंनी थापलेलं सिलिकॉन बहुतेक वेळा श्वासाची वाटही बुजवतं. मग वर सांगितलेला सगळा दाब उरलेल्या कुठल्यातरी कच्च्या जागेवर येतो, आणि आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला रस्ता उरत नाही. दिवा ओला असतानाच लावलेल्या सिलिकॉनबद्दल तर काय बोलावं. ते पाणी बाहेर ठेवत नाही, आत कोंडतं.

दुसरं, सिलिकॉन सगळं एकसारखं नसतं. ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. तांब्याच्या तारा, होल्डरच्या पट्ट्या आणि एलईडीचं सर्किट यांना ते खातं. न्यूट्रल क्युअर म्हणून मिळतं ते घ्यावं, तेही जोड पूर्ण सुकवून, आणि जिथे बुडबुडे दिसले तेवढ्याच जागी. फेव्हिक्विकने तडा बुजतो, पण त्याच्या वाफेने आतून काच पांढरी पडते. थिनरने किंवा पेट्रोलने पुसलेल्या ॲक्रिलिकला काही दिवसांनी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. म्हणजे स्वच्छ करता करता नव्या गळत्या तयार.

मोबाइलवरच्या व्हिडिओत दिवा भट्टीत तापवून काच उचकटतात आणि नव्याने चिकटवतात. तो प्रयोग हेडलाइटचा. तिथे काच मऊ होणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. बहुतेक टेललाइटची काच डब्याला वितळवून जोडलेली असते, तापवून ती सुटत नाही, वाकडी होते.

राहिला तळाला भोक पाडायचा उपाय. काही दिव्यांना कंपनीच निचऱ्याचं भोक ठेवते, ते बुजलं असेल तर काडीने मोकळं करावं. पण आपल्या मनाने ड्रिल चालवलं तर चाकाने उडवलेला चिखल खालूनच वर येतो आणि त्याच भोकाने आत जातो. दोन पावसाळ्यांत दिव्यातला आरसा काळा पडतो. अगदीच रात्री-बेरात्री अडलं तर भोक पाडून पाणी काढलं, ठीक आहे. पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

“पाणी गेलं की शॉर्ट होतं. फ्यूज शाबूत, म्हणजे सगळं ठीक.”

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच.

पावसाचं पाणी विजेचं वाईट वाहक आहे. रस्त्यावरची माती आणि खारेपाटातलं मीठ मिसळलं की ते बरं वाहक होतं, तरी १२ व्होल्टवर त्यातून फ्यूज उडेल एवढा प्रवाह सहसा जात नाही. जातो तो थोडासा, पण दिवा चालू असेपर्यंत सारखा. त्या थोड्या प्रवाहाने चार्जच्या बाजूची पट्टी झिजते, अर्थिंगवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढते. म्हणून पाणी जुलैत शिरतं आणि दिवा दसऱ्याला जातो. तोवर पाणी सुकलेलं असतं आणि दोष बल्बला दिला जातो.

या पुडीने काय होतं बघा. ब्रेकचा बल्ब २१ वॉटचा. त्याच्या वाटेत गंजामुळे फक्त एक ओहम रोध वाढला तरी बल्बपर्यंत सव्वादहा-साडेदहा व्होल्टच पोहोचतात. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो. ढोबळ हिशेबात तो ४० टक्क्यांनी घटतो. बल्ब चालू आहे, फ्यूज ठीक आहे, आणि मागच्या ट्रकवाल्याला ब्रेक लागलेला नीट दिसत नाही.

अर्थिंग पुरतंच गेलं तर गंमत आणखी वेगळी. प्रवाह परतीची वाट शोधत दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा निघतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच्या तालावर नाचते. दिवे असे एकमेकांच्या कामात लुडबुड करू लागले की बल्ब बदलत बसू नये, आधी अर्थिंगची तार पाहावी. नुसता इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिकत असेल तर मात्र त्या बाजूचा बल्ब गेला असण्याची शक्यता मोठी.

उडालेला बल्बही बोलतो. काच काळपट झाली असेल तर त्याचं वय झालं. आत पांढरी पूड दिसली तर काचेला तडा जाऊन हवा शिरली आहे. गरम बल्बवर थंड थेंब पडल्यावर असं होतं. नवा बल्ब लावून ती गळती थांबत नाही.

गंजलेल्या टोकांचं हे दुखणं काही गावठी गॅरेजांपुरतं नाही. मे २०१४मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत सुमारे २४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. ब्रेकलाइटच्या वायरिंगच्या जोडात गंज धरत होता. ब्रेक दाबला तरी दिवा लागेना, किंवा न दाबताच लागे. तिथे पाणी दिव्यातून शिरलेलं नव्हतं, पण जोडातल्या वाढत्या रोधाचा परिणाम हाच.

“एलईडी आहे, त्याला पाण्याचं काय?”

उलट त्यालाच जास्त. पिवळा बल्ब गरम होतो, त्यामुळे आतली वाफ सुकून जाते. एलईडी काचेच्या बाजूला थंडच राहतो, म्हणून त्यात धरलेली वाफ रेंगाळते. आतलं सर्किट ओल सोसत नाही. एलईडी बहुधा ओळीने जोडलेले असतात, एक गेला की त्याची अख्खी ओळ अंधारात. आणि होल्डर बदलून काम भागत नाही, दिवाच घ्यावा लागतो.

‘आयपी ६७’ लिहिलंय म्हणून कुठल्याही पाण्याला टिकेल, हेही खरं नाही. ती चाचणी एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवण्याची आहे. गाडी धुण्याच्या मशीनचा जोरदार फवारा वेगळी चाचणी मागतो. गाडी धुताना नळी दिव्याच्या कडेवर अगदी जवळून रोखणं म्हणजे गळतीला आमंत्रण.

“मागे रिफ्लेक्टरची पट्टी आहे, चालून जातं.”

पट्टी दुसऱ्याच्या उजेडावर दिसते, आणि तुम्ही ब्रेक लावल्याचं ती सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५वा नियम मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं म्हणतो. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्याला तेवढं अंतर कापायला नऊ सेकंद लागतात. मुसळधार पावसात मिणमिणता दिवा निम्म्या अंतरावरूनही दिसला तर नशीब.

ब्रेकलाइट एकट्याने बघायची सोय सगळीकडे आहे. रात्री गाडी भिंतीजवळ मागे घ्या, ब्रेक दाबा, आरशात बघा. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडला पाहिजे. एक बाजू फिकी असेल तर त्या बाजूचा होल्डर दुसऱ्या दिवशी उघडा, हिरवी पूड बारीक पॉलिश पेपरने साफ करा, विद्युत कामाचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा, रबरी रिंग जागेवर आहे का ते बघा. पट्टी खाऊन पातळ झाली असेल तर होल्डरच नवा घ्या; घासून चमकवलेली पातळ पट्टी पुढच्या आषाढापर्यंत टिकत नाही.