डब्यातला हॉटस्पॉट: नेमकं काय वाटलं जातं?

लोकलच्या डब्यात एकाचा हॉटस्पॉट चालू असतो आणि रोजच्या ग्रुपमधले चार-पाच जण त्यावर. ‘यावर पीएचडी होईल का?’ असं विचाराल, तर होईल. पण ‘रेल्वे प्रवाशांमधील इंटरनेट शेअरिंग : एक अभ्यास’ हा नुसता विषय झाला. मुलाखतीत पॅनल विचारतं ते वेगळंच: तुमचा प्रश्न काय?

तर आधी ठरवा, वाटलं काय जातंय. पहिलं उत्तर सुचतं ते डेटा. दिवसाचा दीड जीबी संपला की बऱ्याच पॅकमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. एकाच्या रीलपायी दुसऱ्याचा मेल अडकतो. इथे बरेच जण गॅरेट हार्डिन यांचं १९६८चं सामायिक कुरण आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं १९९०चं पुस्तक जोडून मोकळे होतात. जरा थांबा. ऑस्ट्रॉम ज्या सामायिक साधनांबद्दल लिहितात, त्यांचं एक लक्षण म्हणजे इतरांना त्यांपासून लांब ठेवणं कठीण असतं. हॉटस्पॉटला तर पासवर्ड आहे, बदलला की झालं! पण रोज तुमच्यासाठी सीट धरून ठेवणाऱ्या माणसाला नवा पासवर्ड न सांगणं जमेल? फोनवर सोपं, तोंडावर अवघड. माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न इथेच आहे, आणि तो मुलाखती घेऊन सुटेल, स्पीड टेस्टने नाही.

वाटली जाणारी दुसरी गोष्ट दिसत नाही: हवेतला वेळ. एका चॅनलवर साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. वाय-फायच्या मूळ नियमांत पाळी मिळण्याची संधी सगळ्यांना सारखी, पण त्या पाळीला किती वेळ लागेल हे ज्याच्या-त्याच्या स्पीडवर. तिकीट खिडकीवर एक जण चिल्लर मोजत बसला की अख्खी रांग खोळंबते ना, तसंच. २००३ मधल्या एका गाजलेल्या पेपरने दाखवलं, की ११ एमबीपीएसवाल्यांत १ एमबीपीएसवाला एक जण आला तर सगळ्यांचाच वेग १ च्याही खाली जातो. म्हणजे गर्दीपलीकडे, दाराशी उभा असलेला एक जण डेटा फारसा न वापरताही बाकीच्यांना मागे खेचू शकतो. नुसते जीबी मोजून हे कळणारच नाही.

बरं, दोन स्टेशनांमध्ये स्पीड पडला, तर दोष दारातल्या माणसाचा की टॉवरचा? त्याच कंपनीचं सिम असलेला, हॉटस्पॉटला न जोडलेला दुसरा फोन शेजारी ठेवून एकाच वेळी मोजा. दोन्हीकडे पडला तर संशय नेटवर्कवर. फक्त हॉटस्पॉटवर पडला तर डब्यातच काहीतरी आहे. दोन फोन वेगवेगळ्या टॉवरवर असू शकतात, म्हणून एका फेरीवर निष्कर्ष काढू नका.

‘स्वतःचाच हॉटस्पॉट देऊन बघू, किती फोन जोडले जातात’ असा मोह होतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवू शकतात. त्यामुळे दोन हॉटस्पॉटवर जोडला गेलेला एकच माणूस तुमच्या नोंदीत दोघं होतो. शिवाय फुकट नेट देऊन गुपचूप नोंदी ठेवणं म्हणजे संमतीशिवाय माणसांवर संशोधन. एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या, आणि ग्रुपलाही आधीच सांगा. सांगितलं की लोक सुरुवातीला जपून वापरणार, हे खरंय. मग पहिल्या आठवड्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा आणि तसं मेथडॉलॉजीच्या प्रकरणात लिहून टाका.