छपाईची परिभाषा आणि कार्यकर्ता

31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्या काळी मराठी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जाई. पुढे बाबासाहेबांनी चळवळीसाठी स्वतःचा छापखाना उभारला, कारण लेखणी आपली आणि खिळे दुसऱ्याचे ही अवस्था परावलंबनाची असते. खिळे गेले, परावलंबन गेले काय?

14 एप्रिल जवळ आला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या डीटीपीच्या दुकानांत पत्रकांसाठी मी फिरतो. कार्यकर्त्याने मजकूर तळमळीने लिहिलेला असतो. पण ऑपरेटरने "फॉन्ट कोणता? लीडिंग वाढवू?" असे विचारले, की तो गप्प होतो. मग आपल्या विचाराचे रूप दुसराच ठरवतो. म्हणून हे शब्द समजून घेतले पाहिजेत.

फॉन्ट म्हणजे एका वळणाच्या अक्षरांचा संच. पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप. संगणकावर 72 पॉइंटांचा एक इंच होतो. लीडिंग म्हणजे दोन ओळींमधले अंतर. खिळ्यांच्या ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालीत, त्यावरून हा शब्द आला. मराठीत शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार येतात आणि खाली उकार येतो. म्हणून इंग्रजीपुरते ठेवलेले अंतर आपल्याला अपुरे पडते.

कर्निंग म्हणजे विशिष्ट दोन अक्षरांमधले अंतर जुळवणे. ट्रॅकिंग म्हणजे सगळ्याच अक्षरांमधले अंतर सरसकट बदलणे. फ्लेक्सवर नाव रुंद दिसावे म्हणून ट्रॅकिंग वाढवले, की शिरोरेषा तुटते.

जोडाक्षरांचा प्रश्न तर अर्थाचाच आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फॉन्टमध्ये हा दुसरा 'र' नीट नसेल, तर लिहिले एक आणि छापले भलतेच, असे होते.

सर्वांत महत्त्वाचा शब्द युनिकोड. जुन्या अनेक मराठी फॉन्टांत संगणक आतून रोमन अक्षरांचे क्रमांकच साठवी. मराठी होते ते फक्त वरचे चित्र. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, की निरर्थक चिन्हे दिसतात. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या वर्णांना स्वतःचे क्रमांक मिळाले. युनिकोडमधला मजकूर फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतो आणि शोधता येतो.

येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही. आपल्या परिषदांचे ठराव, स्मरणिका, शाहिरांची गाणी यांतले किती तरी जुन्या फॉन्टांत अडकले आहे. तो फॉन्ट हरवला, तर उद्याच्या अभ्यासकाला ती फाइल मुकीच वाटेल. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांचे अक्षर पुन्हा असे मुके होणे परवडणारे नाही.

तेव्हा यापुढे दुकानात तीन गोष्टी मागाव्यात: मजकूर युनिकोडमध्ये, शेवटचे प्रूफ आपल्या नजरेखालून आणि मूळ फाइल आपल्या हाती.