मीटर शेवटी उघडायचा

अंबाडी नाक्यावरून दिवसभर डंपर आणि ट्रेलर वाड्याकडे जात-येत असतात. त्यामुळे इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे काम येतं ते बहुतेक ट्रकचं: सेल्फ, हेडलाईट, जळालेल्या वायरी. अशाच एका गॅरेजात माझ्या मित्राची 1966 सालची एमजीबी उभी होती. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, उघड्या टपाची, दोन सीटची गाडी. इंजिन ठणठणीत, पण आरपीएम मीटरचा भरवसा उरला नव्हता. सुई कधी शून्यावर पडून राहायची, तर कधी गाडी जागेवर उभी असतानाही तीन हजारांवर उडी मारायची.

मीटर बदलून टाका, असा सल्ला मित्राला आधी मिळाला होता. मिस्त्रींनी मात्र मीटरला हात लावला नाही. "मीटर शेवटी उघडायचा, साहेब. आधी गाडीला विचारायचं," म्हणाले आणि इंजिन चालू करून नुसते ऐकत उभे राहिले.

त्या ऐकण्याला अर्थ होता. स्मिथ्स कंपनीच्या या मीटरमध्ये चावीकडून कॉइलकडे जाणारी पांढरी वायर वाटेत मीटरच्या पाठीवरच्या लोखंडी चिमट्यातून एक वेढा घेते. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट उघडला की कॉइलचा करंट तुटतो. त्या धक्क्यासरशी मीटरमधलं सर्किट ठरावीक लांबीचा एक ठोका सुईला देतं. ठोके जितके दाट, तितकी सुई वर. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला 100 ठोके. कॉइलचा सगळा करंट त्या वेढ्यातून जात असल्यामुळे, इंजिन चालतंय याचाच अर्थ वेढा तुटलेला नाही. हातात पाना न घेता एक शक्यता बाद झाली.

मग टेस्ट लॅम्प निघाला. हिरव्या वायरीवर सप्लाय होता. मीटरचं अर्थिंग त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीतून होतं आणि पट्टी गंजलेली. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे व्हायचंच. पॉलिश पेपरने घासून पट्टी परत बसवली, तरी सुई होती तशीच.

यानंतर त्यांनी सीटच्या मागची फळी उचलली. एमजीबीची बॅटरी बॉनेटखाली नसते, ती तिथे असते. 1967 पर्यंत या गाड्यांमध्ये बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असायची. इथे मात्र निगेटिव्ह जोडलेली. कधीतरी कुणीतरी, बहुधा कारटेप बसवण्यासाठी, अर्थिंग उलटं केलं होतं. ते करायला हरकत नाही, पण मग मीटरमध्ये दोन बदल करावे लागतात: आतल्या सप्लायच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या आणि पाठीवरचा वेढाही उलट्या दिशेने घालायचा. मिस्त्रींचा हिशेब सरळ होता. सुई थोडी तरी हलतेय, म्हणजे आतल्या वायरी बदललेल्या आहेत. राहिलाय तो वेढा. त्यांनी चिमटा सोडवला, पांढरी वायर दुसऱ्या बाजूने ओवली आणि चावी फिरवली. रेस दिल्यावर सुई न अडखळता वर गेली.

पण खरं बोलेना. ताडून पाहायला जोडलेला डिजिटल मीटर 3000 दाखवत होता, तेव्हा ही 3700 वर. आता मीटर उघडायची वेळ आली. क्रोमची कडी थोडी फिरवून खाचांत आणली की सुटते. रबर काचेला चिकटलेलं असतं, म्हणून घाई करायची नाही. आत सप्लायच्या वायरींवर नंतरचं सोल्डर स्पष्ट दिसत होतं. ठोक्याची लांबी ठरवणारा जुना कार्बन रेझिस्टर मोजला, तर त्याच्या रंगपट्ट्यांवरच्या आकड्यापेक्षा बराच वर गेलेला. हे रेझिस्टर वर्षानुवर्षं दमट हवा पितात आणि त्यांची किंमत वाढत जाते. ठोका लांबतो, सुई फुगवून सांगते. नवा रेझिस्टर काही रुपयांत आला. अलीकडे डायलमागचं सगळं सर्किट काढून नवी चिप बसवतात. 2021 च्या व्हिंटेज नियमांत, पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळताना, बंधन आहे ते चॅसी, बॉडी आणि इंजिनाचं. मीटर त्यात येत नाही. तरीही एका रेझिस्टरसाठी सगळं सर्किट फेकणं मला पटत नाही.

त्यापुढचं काम पाहण्यासाठी मी पुन्हा अंबाडीला जाईन. मीटर जुळवायला पक्कं माप हवं, आणि मिस्त्रींनी ते भिंतीवरच्या प्लगमधून घेतलं. छोटा ट्रान्सफॉर्मर, एक डायोड, पुढे ट्रान्झिस्टरचा स्विच आणि कॉइलच्या जागी हेडलाईटचा बल्ब. घरची वीज 50 हर्ट्झची. सेकंदाला 50 ठोके म्हणजे 1500 आरपीएम. एका डायोडऐवजी चार डायोडचा ब्रिज लावला की 100 ठोके, म्हणजे 3000. नाक्यावर व्होल्टेज दिवसातून कितीदा तरी पडतं, पण वारंवारता एकट्या अंबाडीची नसते. 2013 च्या 31 डिसेंबरला दक्षिणेची ग्रिड जोडली गेल्यापासून सगळा देश एकाच ठेक्यावर चालतो आणि तो 49.90 ते 50.05 च्या आत राखायचा नियम आहे. 49.90 धरले तरी 1500 मागे फरक पडतो तीन फेऱ्यांचा. सुईची जाडीच त्याहून जास्त.

बल्ब मंद पेटला. मिस्त्री बारीक स्क्रू ड्रायव्हरने प्रीसेट फिरवत होते, चष्मा कपाळावर. सुई 1500 च्या रेषेवर आली, ब्रिज लावल्यावर 3000 वर. पुन्हा 1500, पुन्हा 3000, दोन्ही जागी बसेपर्यंत. बंद करण्याआधी त्यांनी आत चिकटपट्टी लावून लिहिलं: निगेटिव्ह अर्थ, वेढा उलटा.

गाडीत बसवल्यावर रेस दिली तेव्हा सुई शांत राहिली, आयडलिंगला मात्र आठशेच्या आसपास थरथरत होती. मित्राचा चेहरा पडला. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून शाफ्ट बोटांनी हलवला. तो बाजूला डुगडुगत होता, म्हणजे पॉइंटची गॅप दर फेरीला बदलणार. "हे मीटरचं नाही. बुश गेलाय. तो भिवंडीत टर्नरकडून करून घ्या, मग आणा."