फिरत्या घराचा तळ: पाणी नेमकं कुठून येतं?

निर्यातीची द्राक्षं घेऊन नाशिकहून न्हावा-शेव्याला निघालेले रीफर, म्हणजे शीत कंटेनर मुंब्र्याकडून कळंबोलीत उतरतात, तेव्हा मार्चच्या दुपारी डांबर पन्नाशीच्या पुढे तापलेलं असतं. आतल्या पेट्यांचं तापमान मात्र शून्याच्या आसपास. मधे असतो तो काही सेंटिमीटर जाडीचा फोम. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. व्हॅनचं घर करू पाहणाऱ्यांनी परदेशी व्हिडिओंच्या आधी हा कंटेनर नीट बघावा, असं मला मनापासून वाटतं.

हिशेब करून बघू. गाडीचा तळ ५ चौरस मीटर, तळाखालची हवा ४५ अंश, आत एसी लावून २५ अंश. पत्र्यावर नुसतं १२ मिलिमीटरचं प्लायवुड असेल तर तळातून साधारण साडेतीनशे वॅट उष्णता आत येते. मधे २५ मिलिमीटर एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलचा घट्ट, बंद पेशींचा भाऊ, घातला की ती नव्वदवर येते. आणखी २५ मिलिमीटर वाढवले तर पन्नासवर. म्हणजे पहिल्या इंचाने अडीचशेहून जास्त वॅट वाचवले, दुसऱ्याने जेमतेम चाळीस. वर उभं राहताना डोकं छताला लागणार ते वेगळंच. एक्सपीएस पायाखाली दबेल ही भीतीही नको. त्याची चांगली शीट चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलो भार सहज पेलते, माणसाच्या तळव्याचा दाब त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

पण कोकणात तळ बिघडतो तो उष्णतेपेक्षा पाण्याने. युरोपातल्या थंडीत ओलावा आतून बाहेर जातो: झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. म्हणून तिथले लोक फोमच्या आतल्या बाजूला वाफरोधक प्लास्टिक लावतात. आपल्याकडे जुलैत दिशा उलटते. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २५ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. गार पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो, तसंच. एसी २२ वर ठेवला की प्लायवुडची खालची बाजू त्या रेषेच्या खाली जाते. बोल्टच्या भोकातून आणि सांध्यांतून शिरलेली दमट हवा फोमच्या फटींतून तिथवर पोचते आणि प्लायवुड खालून भिजतं. तिथल्यासारखं वर प्लास्टिक लावलं तर ते हे पाणी अडवत नाही, उलट सुकूही देत नाही. मुरलेलं पाणी एक्सपीएसच्या वीसपट उष्णता वाहून नेतं, आणि कळंबोलीसारख्या लोखंड बाजाराच्या गावात ओल्या पत्र्याचं पुढे काय होतं, ते कुणाला सांगायला नको.

रीफरमध्ये याचा बंदोबस्त रचनेतच असतो. बाहेरचा पत्रा सलग, सांधे बंद, आणि पॉलियुरेथेनचा फोम दोन आवरणांमध्ये ओतून फुलवलेला, म्हणजे हवेला हिंडायला जागाच नाही. गाडीत ओतकाम जमत नाही. पण गंज खरवडणं, रेड ऑक्साईड मारणं, प्रत्येक भोक रबरी बुचाने किंवा सीलंटने बुजवणं जमतं. पत्र्याच्या खाचांत फोमच्या पट्ट्या बसवायच्या, मग सलग शीट, सांध्यांवर टेप. लाकडी पट्ट्या कमीत कमी. लाकूड फोमच्या चौपट उष्णता सोडतं. पत्र्यातून थेट प्लायवुडपर्यंत आलेला लोखंडी स्क्रू तर टाळाच, कारण पोलादाचा आकडा दीड हजार पटींच्या वर जातो.

चांदीसारखी फॉइल दोन थरांत दाबून बसवणारे बरेच आहेत. ती उष्णतेचे किरण परतवते, पण त्यासाठी तिच्यासमोर मोकळी हवा लागते. चिकटून बसवली की ती नुसता ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा.

सायलेन्सरच्या वरचा भाग मात्र वेगळा हाताळावा लागतो. एक्सपीएस ७५-८० अंशांच्या पुढे मऊ पडतो आणि पेटतोही. तिथे खालून उष्णतारोधक पत्रा, मधे हवेची फट आणि वर रॉकवूल. दारापाशी प्लायवुडचा एक तुकडा न चिकटवता ठेवला, तर पावसाळा सरल्यावर तो उचलून खाली ओल धरली आहे का, ते हात लावून बघता येतं.