चार जीबी टाकली, सव्वातीन दिसली

डेस्कटॉपमध्ये दोन-दोन जीबीच्या दोन रॅम लावल्या, कॉम्प्युटर सुरू केला, 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तर तिथे ३.२५ जीबी. विंडोज एक्सपी किंवा ३२ बिट विंडोज ७ असलेल्या मशीनवर असं हमखास होतं, आणि पहिला संशय दुकानदारावर जातो: रॅम डुप्लिकेट दिली, नाहीतर एखादी चिप खराब निघाली. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. रॅम पूर्ण चार जीबीचीच असते, तिचा एक भाग विंडोजच्या हाती लागत नाही.

कारण पत्त्यांमध्ये आहे. रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, गल्लीतल्या घरांना असतो तसा. ३२ बिटांत असे ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक मांडता येतात, म्हणजे बरोबर चार जीबी. पण हे क्रमांक एकट्या रॅमच्या मालकीचे नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायॉसची चिप या सगळ्यांशी प्रोसेसर याच क्रमांकांतून बोलतो आणि त्यांची जागा चार जीबीच्या वरच्या टोकाला राखून ठेवलेली असते. तेवढे क्रमांक खर्ची पडले की तितकी रॅम बिनपत्त्याची राहते. म्हणूनच आकडा मशीनगणिक बदलतो: कुठे साडेतीन, कुठे सव्वातीन, तर कुठे तीनच्याही खाली.

इथवरचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धवट आहे: '३२ बिट म्हणजे चार जीबी, गणितच आहे, त्याला कोण काय करणार?' इंटेलच्या पेंटियम प्रो प्रोसेसरने १९९५ मध्येच हे कुंपण ओलांडलं होतं. पीएई नावाच्या सोयीमुळे रॅमचा पत्ता ३६ बिटांचा झाला आणि मर्यादा ६४ जीबीवर गेली. ३२ बिट लिनक्सला पीएईचं कर्नल लावलं की चार जीबीच्या वरची रॅम वापरता येते. खुद्द मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्व्हर २००८ ची एंटरप्राइझ आवृत्ती ३२ बिट असूनही ६४ जीबी रॅम घेते. मग घरच्या एक्सपीनेच काय घोडं मारलं? तर घरगुती वापराच्या कार्डांचे आणि उपकरणांचे कितीतरी ड्रायव्हर 'पत्ता चार जीबीच्या आतलाच असणार' असं धरून लिहिलेले होते. वरचा पत्ता समोर आला की ते कोलमडायचे आणि निळा पडदा दिसायचा. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने एक्सपीत चार जीबीच्या वरच्या पत्त्यांवर फुलीच मारली. म्हणजे ही मर्यादा जितकी गणिताची, तितकीच कंपनीच्या निर्णयाची आहे. मला हा निर्णय समजण्यासारखा वाटतो, कारण रोज बंद पडणाऱ्या आठ जीबीच्या मशीनपेक्षा नीट चालणारं सव्वातीन जीबीचं मशीन बरं. पण तो निर्णय होता, हे ग्राहकाला कुणी सांगितलं नाही.

आणि न सांगितल्यामुळे घरगुती उपायांचं पेव फुटलं. बूट फाइलमध्ये पीएईचा स्विच लिहा, हा त्यातला पहिला. सर्व्हिस पॅक २ नंतरच्या एक्सपीत तो लिहूनही रॅम वाढत नाही, कारण फुली तशीच राहते. दुसरा उपाय तीन जीबीच्या स्विचचा, आणि नावामुळे तो सगळ्यांत जास्त फसवतो. ३२ बिट विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःसाठी दोन जीबीचे पत्ते मिळतात आणि दोन जीबीचे विंडोज स्वतःकडे ठेवते. या स्विचने ही वाटणी तीनास एक अशी होते, तीही फक्त तशी तयारी ठेवून बनवलेल्या प्रोग्रॅमसाठी. रॅम एका बाइटनेही वाढत नाही. उलट विंडोजचा वाटा निम्मा झाल्याने ग्राफिक्सचे ड्रायव्हर अडखळू शकतात.

तिसरा उपाय विंडोज ७ मधला. एमएस-कॉन्फिग उघडायचं, बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक करायची. ही खूण रॅम कमी करण्यासाठी आहे! कमी रॅमवर आपला प्रोग्रॅम कसा चालतो हे तपासणाऱ्यांची ती सोय. तिथे कुणी आधीच टिक करून ठेवली असेल, तर ती काढून मशीन रीस्टार्ट करा. कधी कधी हरवलेली रॅम तेवढ्यानेच परत येते.

'मग ६४ बिट विंडोज टाकलं की प्रश्न मिटला.' पुष्कळदा मिटतो, नेहमी नाही. ६४ बिट विंडोज ७ ची होम बेसिक आवृत्ती आठ जीबीवर थांबते, होम प्रीमियम सोळावर, आणि प्रोफेशनल १९२ जीबीपर्यंत जाते. तिन्हींत बिटं तीच, फरक परवान्याचा. पण जुन्या डेस्कटॉपवर याहून मोठा अडथळा मदरबोर्डचा असतो. इंटेलचा ९४५जी चिपसेट २००५ चा. त्याची मर्यादा चार जीबी, आणि वरच्या टोकाला झाकली गेलेली रॅम उचलून चार जीबीच्या पुढच्या पत्त्यांवर बसवण्याची सोय त्याच्यात नाही. प्रोसेसर कोअर २ ड्युओ असो, विंडोज ६४ बिट असो, त्या बोर्डवर चार जीबी टाकून दिसणार तीन-सव्वातीनच. त्यानंतरच्या ९६५ मालिकेत ही सोय आली. ज्या बोर्डवर ती आहे, तिथेही बायॉसमध्ये 'मेमरी रिमॅप' बंद ठेवलेलं असू शकतं. म्हणून रॅम विकत घेण्याआधी बोर्डचं मॉडेल पाहा, त्याच्या मॅन्युअलमधली कमाल मर्यादा वाचा, आणि मग दुकानात जा.

दुकानातही जपून. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, आणि एकीला १.८ व्होल्ट लागतात तर दुसरीला १.५, दाबून बसवायच्या भानगडीत पडू नका. डीडीआर२ ची चार जीबीची एकच रॅम फार स्वस्तात मिळत असेल, तर 'फक्त एएमडीसाठी' असं कुठे बारीक अक्षरांत लिहिलंय का ते पाहा. त्या रॅमच्या चिप्सची मांडणी इंटेलचे जुने चिपसेट ओळखत नाहीत. वेगवेगळ्या वेगाच्या दोन रॅम मात्र बहुधा एकत्र नांदतात, दोन्ही हळूच्या वेगाने चालतात इतकंच.

जास्त रॅमने निदान नुकसान तरी होत नाही, असंही म्हणतात. विंडोज ९८ त होतं. ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम दिली की त्याची फाइल साठवणारी कॅशे वाजवीपेक्षा फुगायची, आणि रॅम मुबलक असताना 'मेमरी अपुरी आहे' असा संदेश यायचा. कॅशेला सिस्टिम फाइलमध्ये वेसण घातली की गाडी रुळावर यायची.

आता सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज: रॅम दुप्पट की वेग दुप्पट. रॅम पुरत नाही तेव्हा विंडोज तिच्यातला मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते, आणि डिस्कवरून तो परत आणायला रॅमच्या तुलनेत लाखभर पट वेळ लागू शकतो. ही ने-आण चालू असेल, तर रॅम वाढवल्याचा फरक डोळ्यांना दिसतो. ती नसेल, तर पैसे पाण्यात. एक्सपीत हे पाहणं सोपं आहे. दिवसभराचं नेहमीचं काम झाल्यावर, मशीन बंद करण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा आणि 'कमिट चार्ज'खालचा 'पीक' आकडा 'फिजिकल मेमरी'च्या 'टोटल'शी ताडून पाहा. पीक बराच कमी असेल, तर रॅम तुमची अडचण नाही. विंडोज ७ मध्ये 'फ्री'समोर शून्याजवळचा आकडा पाहून अनेक जण घाबरतात. तिथे 'अव्हेलेबल' पाहायचं असतं; रिकामी रॅम विंडोज मुद्दाम कॅशेसाठी वापरते आणि एखाद्या प्रोग्रॅमने मागताच मोकळी करून देते.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना हे विशेष कळकळीने सांगावंसं वाटतं. पेजमेकर आणि त्याला जोडलेल्या जुन्या मराठी फॉन्टांसाठी कित्येक ठिकाणी एक्सपीची मशीनं जपून ठेवलेली आहेत. पेजमेकर ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, ३२ बिटांची. एक्सपीत तिला दोन जीबीच्या पलीकडचे पत्ते मिळतच नाहीत, त्यामुळे एकट्या पेजमेकरसाठी चार जीबीचा खर्च करण्यात अर्थ नाही. विंडोज ६४ बिट करायचं म्हटलं, तर आधीच्यावर चढवता येत नाही, डिस्क पुसून नव्याने टाकावं लागतं. प्रिंटर आणि स्कॅनरना ६४ बिट ड्रायव्हर लागतात, जे जुन्या मॉडेलसाठी कंपनीने काढलेच नसतील. आणि डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्रॅम तिथे मुळीच चालत नाहीत. शिवाय एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, ते कितीही रॅम टाकली तरी परत येणार नाहीत. असं मशीन ठेवायचंच असेल, तर त्याची इंटरनेटची वायर काढा, फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, आणि रॅमचे पैसे नव्या मशीनसाठी बाजूला टाका.