वऱ्हाडातलं रोजचं वाचन

अकोल्यात 1860 साली वाचनालय सुरू झालं, तेव्हा गावात आगगाडीसुद्धा आली नव्हती. भुसावळहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचायला 1867 साल उजाडलं. आज आपण त्या वाचनालयाला बाबूजी देशमुख वाचनालय म्हणून ओळखतो. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कचेऱ्या, कोर्टं, शाळा आल्या आणि छापील कागद वाचणारा एक वर्ग इथे तयार झाला. पुढे अकोल्यातूनच ‘वऱ्हाड समाचार’ निघू लागला. वाचनाचा इतिहास सांगताना आपण बहुधा इथूनच सुरुवात करतो. पण रोज वाचायची सवय या मातीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि ती पोथीने लावली होती.

चातुर्मास लागला की देवळात, नाहीतर एखाद्याच्या ओसरीवर पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत. दिवाबत्ती झाली, जेवणं आटोपली, की पाटावर पोथी सोडली जायची. एकाने वाचायचं, अर्थ सांगायला मधे थांबायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्यात निम्म्याहून अधिक माणसांना अक्षरओळख नसे, तरी अभिमन्यूचा अध्याय कधी येणार हे त्यांना पक्कं ठाऊक असे. अध्याय अर्ध्यात सोडायचा नाही, हा दंडक. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. किती वाचायचं ते ठरलेलं, कधी वाचायचं ते ठरलेलं आणि समोर ऐकणारी माणसं. आज कंटाळा आला म्हणून पोथी उद्यावर ढकलली, असं होण्याची सोयच नव्हती.

शिकलेली माणसंही याच रीतीने वाचत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मोठे वकील आणि टिळकांचे सहकारी. डिसेंबर 1911 ते मार्च 1912 या काळात ते शिर्डीला राहिले. तिथल्या त्यांच्या रोजनिशीत वाचनाच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात. चारचौघांत बसून पंचदशी किंवा परमामृत वाचायचं, त्यावर बोलायचं. रात्री सोबतच्या मंडळींपैकी भीष्म भागवत वाचत आणि दीक्षित रामायण. इंग्रजी कायद्यात मुरलेला हा माणूस आपलं वाचन एकट्याच्या खोलीत कोंडून ठेवत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच 1912 साली अकोल्यात साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते हरि नारायण आपटे. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आधी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली होती. आठवड्याला एक तुकडा, मग पुढच्या अंकाची वाट. पोथीचा अध्याय आणि कादंबरीचं प्रकरण यांचं नातं जवळचं आहे. वाचकाला एकदम सगळं न देता रोजच्या घासाएवढं द्यायचं, ही युक्ती दोघांचीही.

पुढच्या काळात वऱ्हाडाने आपले स्वतःचे रोजवाचनाचे ग्रंथ घडवले. दासगणूंचा ‘श्रीगजानन विजय’ एकवीस अध्यायांचा. आमच्याकडे शेगावची वारी चुकली तरी चालेल, पण रोजचा एक अध्याय चुकत नाही अशी घरं गल्लीगल्लीत सापडतील. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता एकेचाळीस अध्यायांची. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली ही वाट गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेपर्यंत पोचली. तिच्यात ग्रामसफाई आहे, शेती आहे, स्त्रियांचा मान आहे, आणि ग्रंथ का वाचावेत यावरही विवेचन आहे. देवाच्या नावाने बसलेल्या माणसाला गावच्या कामाचं वाचायला लावणं, हे केवढं मोठं काम!

1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला आणि अनुदानाच्या आधाराने खेड्यांतही वाचनालयं उभी राहिली. एक खोली, दोन कपाटं, वर्तमानपत्रांचं लांब टेबल. ग्रंथपालाचं मानधन तुटपुंजं, तरी सकाळी कुलूप उघडलेलं. शहरात मे महिन्याच्या दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर गेला की वाचनालयाचा हॉल आणि पंखा हाच आसरा, आणि तिथे टेकलेला माणूस काहीतरी वाचूनच उठे. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरली की घरातल्या बायकांचं वाचन थेट फाल्गुनापर्यंत पुरे. अंक सासूकडून सुनेकडे, तिच्याकडून शेजारी. कोपरा दुमडलेलं पान बघून ‘कुठवर आलीस?’ असं विचारणंही व्हायचं. तेवढ्या एका प्रश्नाने पुढचं पान उलटलं जाई.

मग टीव्ही आला, पुढे मोबाइल आला. सगळा दोष त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही. संध्याकाळची ती ठरलेली वेळ आपण आधी मालिकांना देऊन टाकली. ऐकणारी माणसं विखुरली आणि वाचन हा ज्याचा त्याचा एकट्याचा संकल्प झाला. 2015 पासून 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. मुलं त्या दिवशी आनंदाने वाचतात. सोळा तारखेला त्यांच्यासोबत कोण बसणार, हा प्रश्न राहतोच.

आज वाचनालयात गेलात तर खुर्च्या रिकाम्या दिसणार नाहीत. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलंमुली पहाटेपासून जागा धरतात. चालू घडामोडी, अंकगणित, जुन्या प्रश्नपत्रिका. त्यांच्या कष्टांना मी कमी लेखणार नाही. खेड्यातून येऊन, डबा बांधून, बारा-बारा तास बसणारी ही पोरं आहेत. रोज बसण्याची सवय त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला असेल? मात्र देवघेवीच्या कपाटातल्या कादंबऱ्या पलीकडच्याच भिंतीला असूनही त्यांच्या हाती लागत नाहीत.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक अभ्यासिकेत संध्याकाळी अर्धा तास पुस्तकं मिटावीत आणि एकाने मोठ्याने वाचावं. रोज एकच प्रकरण, अर्ध्यात न सोडता. सुरुवात उद्धव शेळक्यांच्या ‘धग’पासून करावी. 1960 ची कादंबरी, पण तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते, आणि ते बोलणं डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतं. अकोटच्या पोराला त्यात आपली मावशी ऐकू येईल, मूर्तिजापूरच्या पोरीला आजी, आणि कौतिकचं पुढं काय झालं हे विचारायला दुसऱ्या दिवशी दोघंही वेळेवर येतील.