पोखरलेल्या खोडातलं काळं सोनं

निरोगी अगराच्या झाडाला सुगंधाच्या बाजारात काडीची किंमत नाही! लाकूड फिकट, हलकं आणि वास जवळजवळ नाहीच. पण एखादी अळी खोड पोखरते, त्या भोकांतून बुरशी आत शिरते आणि झाड स्वतःला वाचवायला जखमेभोवती गडद राळ साठवू लागतं. सगळी श्रीमंती या राळेत आहे. राळेनं गच्च भरलेला तुकडा पाण्यात टाकला तर चक्क बुडतो. चीनमध्ये शतकानुशतकं याच कसोटीवर लाकडाची प्रत ठरत आली.

आसामातलं होजाई हे या धंद्याचं मोठं केंद्र. तिथले कारागीर छिन्नीनं पांढरं लाकूड खरवडून काळा भाग मोकळा करतात. उत्तम तुकडे निखाऱ्यावर जाळण्यासाठी अरब देशांत जातात, बाकीच्याचा चुरा होतो. हा चुरा कित्येक दिवस पाण्यात भिजवतात. तो थोडा आंबतो, आणि तेलात गोठ्याची आठवण करून देणारी एक छटा उतरते. दर्दी लोक नेमके तिच्यावरच फिदा!

मग भट्टी. गुलाबाचं काम काही तासांत उरकतं. अगराच्या भट्टीखालचा जाळ मात्र दिवसचे दिवस विझत नाही, कारण यातले सुगंधी घटक जड, वाफेबरोबर सहजी न निघणारे. वाफ थंड झाली की पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो आणि जाणता कारागीर तो तळहातानं अलगद टिपून घेतो. शंभर किलो लाकडातून बहुधा किलोभरही तेल हाती लागत नाही. मला तर या धंद्यातली सगळ्यात देखणी गोष्ट तो तळहातच वाटते.

या झाडाची सालही वाया जात नाही. तिच्यापासून बनवलेल्या ‘सांचीपात’ पानांवर आसामात पोथ्या लिहिल्या जात. सातव्या शतकात कामरूपच्या, म्हणजे प्राचीन आसामच्या, राजा भास्करवर्म्यानं सम्राट हर्षाला पाठवलेल्या नजराण्यात अगराचं तेलही होतं, असं बाणभट्ट सांगतो.

जपानमध्ये नारा इथल्या शाही भांडारात ‘रांजाताई’ नावाचा अगराचा ओंडका आहे : लांबी सुमारे दीड मीटर, वजन साडेअकरा किलोंच्या आसपास. १५७४ मध्ये सेनानी ओदा नोबुनागानं त्याची ढलपी काढून घेतली, १८७७ मध्ये सम्राट मेइजीनं. ढलपी मिळणं हाच केवढा मान!

अगराच्या धंद्यात मुंबईचाही वाटा आहे. होजाईच्या हाजी अजमल अलींनी १९५०च्या दशकात इथे अत्तराचा व्यापार उभा केला, आणि ते नाव पुढे आखाती देशांत घरोघरी पोहोचलं.

जंगलातली झाडं बेसुमार तोडली गेली, म्हणून १९९५ पासून या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. आता आसामात परसात, चहाच्या मळ्यांत अगर लावतात आणि खोडाला मुद्दाम भोकं पाडून बुरशी टोचतात.

‘ऊद’ हे अगराचंच दुसरं नाव. तेव्हा ‘अस्सल ऊद’ची बाटली शे-दोनशे रुपयांत कुणी पुढे केली, तर खुशाल नाही म्हणा. त्या भावात भट्टीचं सरपणही निघत नाही.